हसायला जागा लागते

जपानच्या यामागाता प्रांताच्या विधिमंडळाने जुलै २०२४ मध्ये एक स्थानिक कायदा मंजूर केला. नागरिकांनी दिवसातून निदान एकदा हसावं, असं त्यात म्हटलं आहे. दर महिन्याची आठ तारीख हसण्यासाठी राखून ठेवली आहे, आणि कंपन्यांनी कामाच्या ठिकाणी हसतंखेळतं वातावरण ठेवावं अशीही अपेक्षा आहे. न हसणाऱ्याला दंड नाही. तरी विरोधी पक्षांनी हरकत घेतलीच. आजारपणामुळे ज्याला हसता येत नाही त्याने काय करायचं? आणि मुळात हसायचं की नाही हे सरकारने सांगायचं का?

असा ठराव कोल्हापूर महापालिकेच्या सभेत आला, तर मिरजकर तिकटीपासून गंगावेशीपर्यंत त्याची एवढी टिंगल होईल, की मंजूर न होताच त्याचा हेतू साध्य होईल.

पण जपान्यांना वेड लागलं म्हणून विषय सोडून देता येत नाही. या कायद्यामागे यामागाता विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. चाळिशी गाठलेल्या आणि ओलांडलेल्या १७,१५२ लोकांना, तुम्ही मोठ्याने किती वेळा हसता, असं विचारून पुढची काही वर्षं त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं गेलं. महिन्यातून एकदाही न हसणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका आठवड्यातून एकदा तरी हसणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. आकडा दचकवणारा आहे. मात्र आधी काय आणि मागून काय, हे त्यातून कळत नाही. ज्याची तब्येत आतून पोखरली आहे, ज्याच्या घरात बोलायला माणूस नाही, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, तो आधीच कमी हसणार. वय, रक्तदाब, धूम्रपान यांचा हिशेब संशोधक करू शकतात. विवंचना त्या हिशेबात सहजी मावत नाही.

हसणं तब्येतीला चांगलं, हे मला मान्य आहे. माझं भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी: "म्हणून तुम्ही हसत जा." म्हणजे पुन्हा सगळी जबाबदारी तुमच्यावर. चालत जा, साखर सोडा, लवकर झोपा आणि आता हसासुद्धा. हे सांगण्यासाठी ज्या संशोधनाचा आधार घेतला जातो, तेच नीट वाचलं तर ते माणसापेक्षा त्याच्या गावाकडे बोट दाखवतं. लोकांना एकत्र बसून हसता येईल अशा जागा आहेत का? त्यासाठी वेळ आहे का? आणि मुभा कुणाला आहे, कुणाला नाही?

आधी दावे बघू. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ना कुणी पाठवतंच: हसल्याने रक्तदाब जातो, साखर उतरते, कॅन्सरच्या पेशी मरतात. पहिल्या दोन गोष्टी फुगवलेल्या आहेत. तिसरी थाप आहे.

खरं काय आहे ते कमी झगमगीत, पण मोलाचं आहे. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. आपोआप आलेल्या हसण्याने ते कमी होतं का, यावरच्या ८ अभ्यासांची, एकूण ३१५ माणसांची, एकत्रित छाननी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. हसलेल्यांमध्ये कॉर्टिसॉल न हसलेल्यांच्या तुलनेत सुमारे ३२ टक्के कमी झालं होतं. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात २००५ साली २० निरोगी लोकांना एकदा विनोदी सिनेमाचा आणि एकदा युद्धपटाचा तुकडा दाखवून त्यांच्या दंडातल्या धमनीतला रक्तप्रवाह मोजला. विनोदी तुकड्यानंतर तो सरासरी २२ टक्क्यांनी वाढला, युद्धाच्या दृश्यांनंतर ३५ टक्क्यांनी घटला. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर सैलावतं, वाहिनी रुंदावते, असा त्याचा अर्थ. पण माणसं वीस, आणि मोजमाप सिनेमा संपल्या संपल्याचं. अशा तुकड्यांवरून "हसा आणि हार्ट अटॅक टाळा" असं म्हणणं म्हणजे वळवाची एक सर बघून राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतील असं सांगण्यासारखं आहे.

वजनाचंही तेच. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं मनापासून हसलं तर १० ते ४० कॅलरी जादा खर्च होतात, असं मोजून झालेलं आहे. तांबड्या रश्श्याच्या एका वाटीवरचा तवंगदेखील त्यात जिरायचा नाही.

हसण्याला औषधाचा दर्जा मिळाला तो बराचसा एका माणसामुळे. नॉर्मन कझिन्स हे अमेरिकेतले नामांकित संपादक १९६४ साली सांध्यांच्या वेदनादायी आजाराने अंथरुणाला खिळले. त्यांनी हॉस्पिटल सोडून हॉटेलात खोली घेतली, विनोदी फिल्म मागवून बघितल्या, आणि दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते असं लिहून ठेवलं. १९७६ साली हा अनुभव एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर झाला. त्याच काळात ते जीवनसत्त्व क भरमसाट घेत होते, हे मात्र सांगणारे सांगत नाहीत. एका रुग्णाचा अनुभव प्रामाणिक असू शकतो. तो पुरावा होत नाही. आणि हॉटेलात खोली घेऊन, प्रोजेक्टर मागवून, आवडीच्या फिल्म बघत पडून राहायला काय लागतं, याचा विचार केलात तर हसण्याआधी त्या माणसाकडे किती गोष्टी होत्या ते लक्षात येईल.

हे एवढं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. "आता मी सकाळी हास्यक्लबला जातो, गोळी बंद केली," असं अभिमानाने सांगणारे काका आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात. काका, क्लबला जरूर जा. पण गोळी चालू ठेवा. रक्तदाब गोळीने आटोक्यात असतो तेव्हा तो बरा झाल्यासारखा वाटतो, म्हणूनच ती सोडायचा मोह होतो.

आता माझ्या म्हणण्याच्या उलट जाणारा एक अभ्यास सांगतो, नाहीतर ते एकतर्फी होईल. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांवर चीनमध्ये एक चाचणी झाली, २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने दोन गटांत विभागणी. एका गटाने डोळ्यांत थेंब घालायचे, दुसऱ्याने मोबाईलसमोर बसून ठरावीक "ही ही ही, हा हा हा" म्हणत हसण्याचा व्यायाम करायचा, पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, आठ आठवडे. हसणारे थेंबवाल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. इथे सोबत नाही, विनोद नाही, आनंदही असेलच असं नाही, तरी फायदा आहे. म्हणजे हसण्याचा काही भाग निव्वळ चेहऱ्याच्या स्नायूंचा आहे, आणि तो एकट्यालाही मिळतो. ठीक. पण आपण हसण्याकडून मागतो ते डोळ्यांतलं पाणी नव्हे. मनावरचं ओझं हलकं व्हावं, दुखणं सुसह्य व्हावं, रात्री झोप लागावी, हे मागतो. आणि तिथे संशोधनाचा सूर बदलतो.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने एक साधी गोष्ट केली. मॉलमध्ये, फुटपाथवर, कॉलेजच्या आवारात माणसं कधी हसतात ते चोरून ऐकून टिपलं. असे १,२०० प्रसंग. विनोद म्हणता येईल असं काही आधी बोललं गेलं होतं ते त्यातल्या वीस टक्क्यांहूनही कमी वेळा. बाकीचं हसणं "बरं, भेटू मग" किंवा "आलास होय?" अशा वाक्यांवर. आणि एकट्या माणसापेक्षा सोबत असलेला माणूस तीसपट जास्त हसतो, असं त्यांना आढळलं. हे पटायला अमेरिकेत जायची गरज नाही. संध्याकाळी पेठेतल्या कट्ट्यावर जाऊन उभे राहा. लांबून एकजण चालत येतो. कट्ट्यावरचा दुसरा नुसतं "आलं बघा" म्हणतो, आणि सहा जण हसतात. विनोद कुठे आहे? येणाऱ्याने काल काय केलं, परवा काय बोलला, गेल्या फुटबॉल हंगामात कुणावर पैज लावून हरला, हे सहाही जणांना माहीत आहे. ते त्या ओळखीवर हसतात.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी पुढची पायरी गाठली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना गटाने विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि आधी-नंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद मोजली, कधी हाताला बर्फासारखं थंड आवरण लावून, कधी रक्तदाबाचा पट्टा आवळून. हसून झाल्यावर माणसं जास्त वेदना सोसत होती. माहितीपट बघितलेल्यांत तसा फरक पडला नाही. एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात तर प्रेक्षकांना भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायला लावलं. विनोदी कार्यक्रम बघून आलेले जास्त वेळ टिकले, गंभीर नाटक बघून आलेले नाहीत. मोतीबागेत किंवा गंगावेस तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांना या प्रयोगाचं काही अप्रूप वाटायचं नाही. जोर-बैठकांच्या शेवटच्या फेरीला वस्ताद नेमका तेव्हाच कुणाची तरी फिरकी का घेतात, हे त्यांना ठाऊक आहे.

यामागचं रसायन फिनलंडच्या तुर्कू शहरात २०१७ मध्ये बघितलं गेलं. बारा पुरुषांना त्यांच्या जवळच्या मित्रांसोबत अर्धा तास विनोदी फिती बघायला बसवलं आणि नंतर मेंदूचं स्कॅन केलं. शरीराची स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे अफूच्या जातीची पण आपल्याच मेंदूत तयार होणारी द्रव्यं, हसल्यानंतर स्रवली होती. प्रयोगातला "जवळचे मित्र" हा भाग विसरू नका. संशोधकांनी तो सहज घातलेला नाही.

म्हणूनच हास्यक्लबची जी कुचेष्टा होते ती मला पटत नाही, आणि त्यांचा जो प्रचार होतो तोही पटत नाही. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसत. विनोद लवकरच संपले, अश्लील होऊ लागले, तेव्हा विनोदाविना हसायचं ठरलं. रंकाळ्याच्या काठाने पहाटे चालायला जाणाऱ्याला हात वर करून खदाखदा हसणारा घोळका नवीन नाही. कॉलेजची पोरं त्यांच्याकडे बघून हसतात. हसू देत. त्या घोळक्यातली बरीचशी माणसं निवृत्त, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घरात दोघं किंवा एकटाच. "हो हो हा हा" पाच-दहा मिनिटं चालतं, आणि त्यानंतर तासभर जे चालतं ते खरं आहे. चहा होतो, कुणाचा गुडघा कसा आहे ते निघतं, चार दिवस न आलेल्याच्या घरी कुणीतरी डोकावतं. औषध असेल तर ते या तासाभरात आहे. टीव्हीसमोर एकट्याने "हा हा" करून बघा, पंधरा दिवसांत कंटाळाल.

इथे कोल्हापूरकराची छाती फुगेल. जागांची आपल्याला काय कमी? पुरुषाच्या बाबतीत ते खरं आहे. तालमीची पायरी आहे, पेठेपेठेत मंडळाचा कट्टा आहे, गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेऊन धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून उभं राहता येतं, शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचला आवाज बसेपर्यंत एकमेकांची खेचता येते. कधी कधी या खेचाखेचीचं रूपांतर दगडफेकीत होतं ते वेगळं. या शहरात चेष्टामस्करी हा शिष्टाचार आहे. नवख्याला "काय भावा" म्हणून आधी टपली मारायची आणि मग ताटाला ताट लावून जेवायला बसवायचं.

आता त्याच शहरात बाई कुठे हसते ते सांगा.

घरात हसते, पण सासरे बाहेरच्या खोलीत नसताना. दारात दोघी बोलत उभ्या राहून हसल्या, तर "वैनी, एवढं काय झालं हसायला?" असं विचारणारा दीर असतोच. मुलगी मोठ्याने हसली तर "दात काढू नकोस" हे तिला आठव्या-नवव्या वर्षापासून ऐकावं लागतं, तिच्या भावाला कधीच नाही. महिन्याची भिशी असते, तिच्या नावाने नवरे नाक मुरडतात. चार तास तालमीच्या पायरीवर बसून उठलेला गृहस्थ बायकोच्या दोन तासांच्या भिशीला "टवाळक्या" म्हणतो, तेव्हा मला खरोखर हसू येतं. वर दिलेल्या सगळ्या अभ्यासांच्या कसोटीला लावलं, तर या शहरात भिशी ही बायकांसाठी चालणाऱ्या मोजक्या आरोग्यसेवांपैकी एक आहे, आणि तिला पालिकेचं एक पैशाचं अनुदान नाही.

शहराबाहेर पडलात तर चित्र थोडं निराळं. करवीर, पन्हाळा, राधानगरी भागात भांगलणीला ओळीने बसलेल्या बायकांच्या बांधावरून गेलात तर असं हसणं कानावर येतं की तालमीतली पोरं लाजून खाली बघतील. सासू, नवरा, ग्रामसेवक, मुकादम, कुणी सुटत नाही. हात खुरप्यावर, जीभ मोकळी. या हसण्याचं कौतुक करताना एक भान ठेवायला हवं: त्या बायका दिवसभर वाकून, गड्यापेक्षा कमी मजुरीत काम करतात. दुखऱ्या कंबरेवर हसण्याचा उतारा त्यांनी स्वतः शोधला आहे. कंबर दुखू नये ही जबाबदारी त्याने कुणाची टळत नाही.

शहरातल्या बाईला रंकाळ्यावर मैत्रिणींसोबत दोन तास बसायचं असेल तर सगळ्यात मोठी अडचण कोणती? स्वच्छतागृह. ते नसतं, किंवा असून कुलूप असतं, किंवा उघडं असून आत पाय ठेववत नाही. मग पाणी न पिता यायचं आणि तासाभरात उठायचं. याला जोडून आणखी एक गोष्ट आहे, जी हास्ययोगाच्या कुठल्याही पत्रकात ठळक छापलेली मी पाहिली नाही. बाळंतपणांनंतर आणि वयानुसार ओटीपोटाखालचे स्नायू सैल होतात, आणि मग खोकताना, शिंकताना, जोरात हसताना लघवी सुटते. हे अगदी सर्रास आढळतं. किती बायका त्या भीतीने हसणं गिळतात, क्लबला यायचं टाळतात, लग्नघरात विनोद सुरू झाले की उठून आत जातात, याची चर्चा कुठेच नाही. यावर उपाय आहे. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरण्याचे व्यायाम जाणकाराकडून शिकून निदान तीन महिने नेमाने केले तर बऱ्याच जणींना फरक पडतो. आशाताईंमार्फत हे गल्लोगल्ली सांगता येण्याजोगं आहे. "हसा" असं सांगण्यापेक्षा "हसताना त्रास होतो का?" असं विचारणारी आरोग्ययोजना मला जास्त शहाणी वाटेल.

पुरुषांच्या तोंडाचंही बघू. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि टपरीवर तो मिळतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मावा तर हाताने मळून मिळतो. सुपारी सतत चघळली की गालांच्या आतली त्वचा ताठर होते, पट्टे धरतात, आणि तोंड उघडेनासं होतं. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ही घरच्या घरी करायची चाचणी. पंचविशीतली, न जाणारी पोरं आपल्याकडे आहेत. त्यांना पोटभर हसायचं आहे, कट्टा आहे, मित्र आहेत, आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. हसण्याचे आरोग्याला फायदे यावर व्याख्यान ठेवणाऱ्यांनी सभागृहाबाहेरची टपरी आधी बघावी.

हसणं नेहमी गुणकारीच असतं असंही नाही. २०१३ च्या नाताळ अंकात एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने हसण्याच्या फायद्यातोट्यांचा निम्मा गंभीर, निम्मा मिस्कील आढावा घेतला होता. तोट्यांच्या रकान्यात घेरी येणं, दम्याचा झटका, हर्निया, जबडा निखळणं अशी नोंद आहे. नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्याने, हर्निया असलेल्याने जोरजोरात हसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत. हे झालं शरीराचं. दुसरा तोटा आपल्या फिरकीबाज गावाला जास्त लागू आहे. तोतरं बोलणारा मुलगा, काळी म्हणून चिडवली जाणारी मुलगी, वर्गातला जाडा पोरगा यांच्या वाट्याला येतं ते हसणं त्यांच्या कॉर्टिसॉलचं काय करत असेल? कट्ट्यावर पाच जण हसतात तेव्हा सहावाही हसतो आहे का, हे बघायची सवय आपल्याला नाही. ऑफिसात साहेबांच्या विनोदाला जे हसणं येतं त्याचा आरोग्यलाभ तर केवळ साहेबांना होतो.

आणि काही माणसं हसूच शकत नाहीत. खोल उदासीनतेत अडकलेल्या माणसाला "जरा हसत जा की" म्हणणं हा क्रूरपणा आहे, सांगणारा कितीही प्रेमळ असला तरी. तिथे उपचार लागतात. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक बसस्थानकावर, महाविद्यालयांत, बाजार समितीच्या आवारात मोठ्या अक्षरांत लावायला फारसा खर्च येत नाही.

हॉस्पिटलात मात्र हसणं थेट नेता येतं, असं मला वाटतं. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मुलांच्या रुग्णालयातला, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. ४० मुलं. ऑपरेशनच्या आधी निम्म्यांसोबत विदूषक होते, भूल देण्याच्या खोलीपर्यंत. त्या मुलांची भीती स्पष्टपणे कमी होती. गंमत पुढे आहे: विदूषकांचा मुलांना फायदा होतो हे कर्मचाऱ्यांनी मान्य केलं, तरी बहुतेकांनी हा उपक्रम पुढे चालू ठेवायला विरोध केला, कारण कामात अडथळा येतो. हे वाचून इटली मला एकदम जवळची वाटली. पण आपल्याकडे सोंगाड्यांची, बतावणी करणाऱ्यांची, भारुड रंगवणाऱ्यांची परंपरा अजून जिवंत आहे, आणि त्यातल्या कित्येक कलावंतांना वर्षाचे बरेच महिने काम नसतं. लहान मुलांच्या वॉर्डात आठवड्यातून दोन दुपारी असा कलावंत मानधनावर नेमायला काय हरकत आहे? कर्मचारी कुरकुरतील. इटलीतलेही कुरकुरलेच.

मोठ्यांसाठी नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, त्याआधी तीन वर्षं खासबागेचं कुस्तीचं मैदान. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी. प्रजेच्या तब्येतीचा विचार करणाऱ्या राजाला दोन्ही लागतात हे कळत होतं, असं मी तरी समजतो. पुढे १९३६ मध्ये मास्टर विनायक आणि मंडळींनी हंस पिक्चर्स इथेच काढली, आणि आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेले विनोदी बोलपट या शहरातून महाराष्ट्रभर गेले. थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. त्या रात्री बाहेर रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं होती. नंतर निधी, आराखडा, जुनं रूप राखायचं की नाही, यावर पुष्कळ बोलणं झालं. तिथे येऊन हसणार कोण, यावर फारसं झालं नाही. गाजलेल्या विनोदी नाटकाला चौघांचं घर घेऊन जायचं तर तिकिटं आणि रिक्षा धरून हजाराच्या पुढे जातं. यंत्रमागावरचा कामगार, शहर झाडणारी बाई, गुजरीतल्या सराफाकडे हिशेब लिहिणारा माणूस या प्रेक्षागृहात बसत नाही. डनबार यांच्या प्रयोगातली ती वेदना सोसण्याची ताकद सगळ्यात जास्त ज्यांना लागते, ते दाराबाहेर राहतात.

महापालिकेकडे पैसे नाहीत, हे उत्तर मला माहीत आहे. डांबरासाठी नाहीत, तर बाकांसाठी कुठून येणार? पण मी मागतोय ते स्वस्तातलं आहे. वॉर्डातल्या मोकळ्या जागेवर समोरासमोर तोंड केलेली बाकं. हल्ली बसवतात ती सगळी एका ओळीत, रस्त्याकडे तोंड करून. त्यावर बसून मोबाईलच बघता येतो, आणि मग आपण मोबाईलला दोष देतो. रंकाळा, पंचगंगा घाट आणि बागांमध्ये बायकांसाठी चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, ज्याची किल्ली तिथेच काम करणाऱ्या बाईकडे असेल आणि तिला पगार वेळेवर मिळेल. शाळांची मैदानं आणि पालिकेचे हॉल दुपारी दोन ते पाच बचत गटांना, भिश्यांना नाममात्र भाड्याने. आणि नव्याने उभं राहणाऱ्या नाट्यगृहात महिन्यातून एक दुपारचा प्रयोग पन्नास रुपये तिकिटाचा, त्यातली पुढची निम्मी आसनं बायकांसाठी. उरलेली तिकिटं तालमींनी आपल्या पेठेतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना काढून द्यावीत, आणि रात्री ज्या गाड्यांवरून मॅचची मिरवणूक निघते त्याच गाड्यांवरून त्यांना आणून सोडावं.